रेड विंग्जची पूर्वेला बदली

२ मे २०१३ची रात्र. मिशिगनमधल्या नोव्हायला, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, मी टीव्हीचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतका ठेवून बसलो होतो. आत बायको आणि तीन वर्षांची मुलगी झोपलेल्या. मॅच कॅलिफोर्नियात, अनाहाइमला. आमच्या घड्याळात ती सुरूच झाली दहा वाजून गेल्यावर. आमच्या आईस हॉकी संघाची, डेट्रॉईट रेड विंग्जची, ४-१ची आघाडी बघता बघता ४-४वर आली आणि ओव्हरटाइममध्ये गुस्ताव न्यूक्विस्टनं गोल मारला तेव्हा एक वाजत आला होता. ओरडायची सोय नव्हती. सोफ्यावरची उशी तोंडात कोंबली.

सकाळी साडेसातच्या मीटिंगला कोण कोण जागलं होतं ते विचारावं लागलं नाही, डोळ्यांवरून कळत होतं. शेजारच्या डेस्कवरचा टूलिंग इंजिनीअर, जन्मानं डेट्रॉईटचा, दोन कॉफ्या घेऊन आला आणि म्हणाला, "या वर्षापुरतीच ही रात्रपाळी. पुढच्या मोसमापासून आपण ईस्टमध्ये."

लीगच्या वेस्टर्न गटातून ईस्टर्न गटात जायची ही बदली डेट्रॉईटनं कित्येक वर्षं मागितली होती. ती मिळाली. त्यानंतर तीन मोसम संघ प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना, गेला आणि २०१७ला जो बाहेर पडला, तो सलग नऊ मोसम, २०२५पर्यंत, परत आत आलाच नाही. साहजिकच गावात एक पक्ष तयार झाला: ईस्टला गेलो आणि वाट लागली. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते पुढे आकड्यांनी मांडतो. पण बदलीनं आमचं काहीच नेलं नाही, असंही नाही. तिनं आमची भांडणं नेली.

गाव तेच, जिल्हा बदलला

इथे हॉकी म्हणजे आईस हॉकी. बर्फ, पायात स्केट्स आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती, म्हणजे पक. नॅशनल हॉकी लीगमध्ये, एनएचएलमध्ये, तेव्हा अमेरिका-कॅनडातले ३० संघ होते, ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोन कॉन्फरन्समध्ये वाटलेले, आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये पुन्हा डिव्हिजन. कोणाशी किती वेळा खेळायचं, विमानात किती रात्री काढायच्या, प्लेऑफसाठी कोणाला मागे टाकायचं, हे सगळं तुम्ही कुठल्या खणात पडता त्यावर ठरतं. १ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्हा तोडून पालघर केला, तेव्हा मोखाडा जागचं हललं नाही. कागद घेऊन कुठल्या कचेरीत जायचं ते बदललं. तसंच हे.

डेट्रॉईटला न्यूयॉर्कचंच घड्याळ, ईस्टर्न टाइम. तरी संघ वेस्टमध्ये. १९८१च्या फेररचनेत तो नॉरिस डिव्हिजनमध्ये शिकागो, सेंट लुई, मिनेसोटा यांच्या पंगतीला बसला. टोरांटोही त्याच पंगतीत होता. १९९८ला टोरांटो उठून ईस्टमध्ये गेला, डेट्रॉईट बसून राहिला. २०१२-१३मध्ये वेस्टच्या १५ संघांपैकी ईस्टर्न वेळेचे फक्त दोन होते, डेट्रॉईट आणि कोलंबस. मालक माइक इलिच यांना लीगनं फार पूर्वीच शब्द दिलाय, असं गावात सारखं बोललं जायचं. आपल्याकडे स्टेशनला जलद गाडीचा थांबा मिळणार असं बोललं जातं ना, तेवढ्याच खात्रीनं.

निमित्त मात्र भलतीकडूनच मिळालं. मे २०११च्या अखेरीस अटलांटाचा थ्रॅशर्स संघ विकला गेला आणि कॅनडात विनिपेगला हलला. विनिपेग नकाशाच्या मधोमध आणि वरच्या अंगाला. पण अटलांटाच्या जागेवर आल्यामुळे डिव्हिजन मिळाली साऊथईस्ट. दोन मोसम हे लोक हाडं गोठवणाऱ्या थंडीतून उठून फ्लोरिडाला 'शेजाऱ्यां'शी खेळायला जात होते. त्यांना वेस्टमध्ये घ्यायचं तर कोणीतरी ईस्टला जाणं भाग होतं.

डिसेंबर २०११ला मालक मंडळींनी चार कॉन्फरन्सचा एक आराखडा मंजूर केला. गंमत म्हणजे त्यात डेट्रॉईट शिकागोसोबतच राहणार होता. जानेवारी २०१२ला खेळाडूंच्या संघटनेनं तो फेटाळला. प्रवास नक्की किती वाढणार ते सांगा, आणि सात संघांच्या गटातून चार प्लेऑफला, आठच्या गटातूनही चारच, हा कुठला न्याय, असे त्यांचे दोन सवाल होते. मग लॉकआउट, म्हणजे मालकांची टाळेबंदी, झाला, ४८ सामन्यांचा तोकडा मोसम झाला, आणि १४ मार्च २०१३ला दुसरा आराखडा पक्का झाला: विनिपेग वेस्टला, डेट्रॉईट आणि कोलंबस ईस्टला.

आता ईस्टमध्ये १६ संघ, वेस्टमध्ये १४, आणि प्लेऑफला दोन्हीकडून आठच. म्हणजे समोरच्या दारातून हाकललेला आक्षेप मागच्या दारानं आत आला आणि डेट्रॉईट चढला तो नेमका गर्दीच्या डब्यात. त्या वसंतात याची फिकीर कोणाला नव्हती. ओळीनं २२ वर्षं प्लेऑफला जाणाऱ्या संघाला डब्यात किती माणसं आहेत याचं काय!

वेळापत्रकाचं गणित

प्रेक्षक ही बदली कशासाठी मागत होते, ते वेळापत्रक उघडल्याशिवाय कळत नाही. जुन्या पद्धतीत ८२ सामन्यांपैकी डिव्हिजनमधल्या चार संघांशी सहा-सहा, म्हणजे २४. कॉन्फरन्समधल्या उरलेल्या दहा संघांशी चार-चार, म्हणजे ४०. आणि ईस्टशी १८. त्या दहांपैकी आठ संघ थेट माउंटन टाइमचे किंवा पॅसिफिक किनाऱ्याचे: व्हँकुव्हर, कॅलगरी, एडमंटन, कोलोरॅडो, फिनिक्स, लॉस एंजेलिस, अनाहाइम, सॅन होजे. प्रत्येकाच्या घरी दोनदा जायचं. मोसमात १६ मॅचेस अशा, की ज्या डेट्रॉईटच्या घड्याळात रात्री नऊ ते साडेदहाच्या दरम्यान सुरू होणार. प्लेऑफमध्ये तेच, फक्त रक्तदाब जास्त.

नव्या पद्धतीत डिव्हिजनमध्ये ३० सामने, ईस्टच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या आठ संघांशी तीन-तीन असे २४, आणि वेस्टच्या चौदाही संघांशी एक घरी, एक बाहेर, असे २८. पश्चिमेच्या त्या आठ गावांना आता एकेकदाच जायचं. १६ रात्रींच्या आठ झाल्या. शिवाय ईस्टमधली प्लेऑफची प्रत्येक मॅच सात-आठच्या सुमारास सुरू होणार. आमच्या ऑफिसात या बातमीवर सगळ्यांत जास्त खूश कोण होतं? ज्यांची मुलं आठ-दहा वर्षांची होती ते बाप. तीनपैकी पहिल्या पिरियडनंतर मुलांना झोपायला पिटाळावं लागायचं, आणि अर्धीच मॅच बघून मोठी झालेली पिढी पुढे तिकीट काढेल का, हा त्यांचा खरा प्रश्न होता. धंद्याची अक्कल असलेला मालकही हाच हिशेब करणार.

वर मूळच्या सहा जुन्या संघांपैकी बोस्टन, मॉन्ट्रियल आणि टोरांटो हे तिघं एका झटक्यात डिव्हिजनमध्ये आले. टोरांटो तर गाडीनं चार तासांवर. जुने लोक हरखले होते. नव्या डिव्हिजनचं नाव 'अटलांटिक' ठेवलं, आणि डेट्रॉईटहून अटलांटिक महासागराला पाय लावायला दिवसभर गाडी हाकावी लागते, पण ते असो.

शिकागो

त्याच २०१३च्या वसंतात अनाहाइमला सात सामन्यांत हरवून आम्ही दुसऱ्या फेरीत गेलो. समोर शिकागो ब्लॅकहॉक्स. मोसमातला सर्वोत्तम संघ ते. आम्ही कॉन्फरन्समध्ये सातवे, ४८ सामन्यांत ५६ गुण. तरी मालिका, जिच्यात आधी चार मॅचेस जिंकेल तो पुढे, ३-१ अशी आमच्या हातात आली. मग ३-२. मग ३-३. सातवी मॅच २९ मेला शिकागोत. १-१ असताना, शेवटची दोन मिनिटंही उरलेली नसताना, शिकागोच्या यालमारसननं पक जाळ्यात मारला, आणि त्याच क्षणी दुसरीकडे झालेल्या झोंबाझोंबीवर पंचांनी शिट्टी फुंकली होती म्हणून गोल रद्द झाला. आमच्या खोलीत चौघं जण होते. चौघंही सोफ्यावरून उठून उभे राहिले ते परत बसले नाहीत. ओव्हरटाइममध्ये शिकागोच्या ब्रेंट सीब्रुकचा फटका आमच्याच क्रॉनवॉलला चाटून आत गेला. २-१.

शिकागोनं त्या वर्षी स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. आमचा टूलिंगवाला दुसऱ्या दिवशी कॉफी न आणता आला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी यांना दाखवू." मग त्याचं त्यालाच आठवलं. पुढच्या वर्षी हे सहा वेळा भेटणार नव्हते, दोनदाच भेटणार होते. आणि प्लेऑफमध्ये भेटायचं तर दोघांनीही थेट अंतिम फेरी गाठायला हवी.

या दोन संघांनी मोसमी सामनेच एकमेकांशी ७००च्या वर खेळलेले आहेत. लीगमध्ये दुसऱ्या कुठल्या जोडीला हा आकडा नाही. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या भांडणासारखं हे होतं. आजोबांना विचारलं तर त्यांनाही सुरुवात सांगता येत नाही, पण बांध कोरला की नातू कुदळ घेऊन धावतो. शिकागोचे लोक साडेचार तास गाडी चालवून 'जो'मध्ये, म्हणजे जो लुई अरिनात, लाल शर्ट घालून बसायचे. आमचाही शर्ट लालच, त्यामुळे स्टँडमध्ये कोण कुणाचा ते गोल झाल्यावरच कळायचं.

कोलोरॅडोचंही तसंच. मे १९९६मध्ये त्यांच्या क्लोड लेमयूनं आमच्या क्रिस ड्रेपरला मागून कठड्यावर आदळलं, ड्रेपरचा जबडा मोडला, आणि २६ मार्च १९९७ला त्याची परतफेड 'जो'च्या बर्फावर झाली, गोलरक्षकांसकट. हे वैर मोसमी सामन्यांवर पोसलं गेलं नव्हतं. १९९६ ते २००२ या सात वर्षांत दोघं पाच वेळा प्लेऑफमध्ये समोरासमोर आले, आणि येऊ शकले ते दोघंही वेस्टमध्ये होते म्हणून. १९९५ला कोलोरॅडोचा संघ क्यूबेकहून उठून डेन्व्हरला आला आणि वेस्टमध्ये पडला, हीसुद्धा एक बदलीच. म्हणजे फेररचना भांडण नेते तशी देतेही. फक्त ते आधी सांगून येत नाही.

नवे शेजारी

नव्या घराचा गृहप्रवेश झोकात झाला. १ जानेवारी २०१४ला अॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमवर, उघड्या आकाशाखाली, टोरांटोविरुद्ध मॅच. जाहीर उपस्थिती १,०५,४९१. बर्फ इतकं पडत होतं की पक ढकलायचा म्हणजे आधी फावडं मारायचं. निम्मा स्टेडियम टोरांटोच्या निळ्या रंगात. शूटआउटमध्ये आम्ही ३-२ हरलो आणि परत येताना पार्किंगमध्ये दोन तास अडकलो, तरी कुरकुर कोणी केली नाही. टोरांटोशी आता पुन्हा रीतसर भांडता येणार होतं.

मोसम ९३ गुणांवर संपला. जेमतेम, ईस्टमधली शेवटची वाइल्ड कार्ड जागा, म्हणजे डिव्हिजनच्या पहिल्या तिघांत न बसलेल्यांसाठीची. आमच्यासोबत बदलून आलेल्या कोलंबसचेही ९३च. त्यांचे निकाल उजवे म्हणून ते वरच्या जागेवर. शेवटच्या जागेचा प्रसाद म्हणजे कॉन्फरन्समधला पहिल्या नंबरचा संघ, ११७ गुणांचा बोस्टन. पहिली मॅच आमच्या दात्सुकच्या एका गोलवर १-० जिंकली, पुढच्या चारही हरलो.

२०१५ला १०० गुण, डिव्हिजनमध्ये तिसरे, समोर टॅम्पा बे. हा अध्याय मला अजून खुपतो. टॅम्पाचा जनरल मॅनेजर होता स्टीव्ह आयझरमन. दोन दशकं डेट्रॉईटचा कॅप्टन राहिलेला, १९९७, १९९८ आणि २००२ असे तीन कप हातात घेतलेला, ज्याचा १९ नंबर 'जो'च्या छताला टांगलेला होता तोच. २०१०ला तो टॅम्पाला गेला तेव्हा आम्ही 'बरं झालं, दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये आहे' म्हणालो होतो. तीन वर्षांत लीगनं आम्हालाच उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवलं. मालिका ३-२ आमच्या बाजूनं, मग ३-३, सातव्या मॅचला ०-२. काही आठवड्यांत आमचे प्रशिक्षक माइक बॅबकॉक यांनी आठ वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा करार केला. कोणाशी? टोरांटोशी. त्याच डिव्हिजनमध्ये. २०१६ला पुन्हा ९३ गुण, पुन्हा टॅम्पा, या वेळी पाच सामन्यांतच खेळ आटोपला.

वेस्टमध्ये असताना फ्लोरिडाचे दोन्ही संघ, टॅम्पा आणि पँथर्स, आमच्या बोलण्यातही नसायचे. फार तर हिवाळ्यात तिकडे जाऊन राहणारे मिशिगनचे पेन्शनर त्यांच्या मॅचला जायचे. आता त्या दोघांची कामगिरी बघा. टॅम्पानं २०२० आणि २०२१चा कप नेला, पँथर्सनी २०२४ आणि २०२५चा. उन्हाळी गावातले बर्फाचे संघ म्हणून ज्यांची चेष्टा केली, ते शेजारी निघाले आणि वाडा त्यांचाच झाला.

मग बदलीनं घात केला का?

ईस्टला गेलो म्हणून बुडालो, असं म्हणणाऱ्यांसाठी एक साधी परीक्षा. डेट्रॉईटचे त्या-त्या वर्षीचे गुण घ्या आणि वेस्टच्या शेवटच्या पात्र संघाशेजारी ठेवा.

२०१४: आमचे ९३, वेस्टमध्ये शेवटच्या जागेवर डॅलस, ९१. २०१५: आमचे १००, तिकडे कॅलगरी ९७. २०१६: आमचे ९३, तिकडे मिनेसोटा ८७. म्हणजे ज्या तीन वर्षी ईस्टमधून आत गेलो, त्या तिन्ही वर्षी वेस्टमधूनही गेलो असतो. आता पडझडीची वर्षं. २०१७: आमचे ७९, तिकडे ९४ लागले. २०२३: ८० विरुद्ध ९५. २०२४: ९१ विरुद्ध ९८. २०२५: ८६ विरुद्ध ९६. मधल्या वर्षांचं तर बोलायलाच नको. २०१९-२०मध्ये ७१ सामन्यांत ३९ गुण होते, लीगमध्ये तळाला. म्हणजे वेस्टमध्ये राहिलो असतो तर वाचलो असतो, असं एकही वर्ष त्यात नाही.

आकडे असे उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत हे मला कळतं. समोरचे संघ वेगळे असते तर गुणही वेगळे झाले असते. पण ७९ आणि ९४ मधली दरी विमानप्रवासानं किंवा घड्याळानं भरून निघत नाही. दुखणं घरातलंच होतं. निकलस लिडस्ट्रॉम २०१२ला निवृत्त झाला, म्हणजे बदलीच्याही आधी. दात्सुक २०१६ला रशियाला परत गेला. झेटरबर्गची पाठ गेली आणि २०१८ला तोही थांबला. पाव शतक दरवर्षी प्लेऑफला गेल्यामुळे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या रांगेत, नंबर कायम मागे, त्यामुळे कोवळी गुणवान पोरं दुसऱ्यांच्या घरी. २००५नंतर पगारावर मर्यादा आल्यानं पैसे ओतून भोक बुजवायची सोयही गेली. नऊ वर्षांच्या दुष्काळाला एवढी कारणं पुरतात.

मधेच एक विचित्र वर्ष आलं. कोविडमुळे २०२०-२१मध्ये लीगनं तात्पुरत्या डिव्हिजन पाडल्या, ५६ सामने, फक्त आपल्या खणातल्या सात संघांशी आठ-आठ. आमच्या खणात शिकागो! एका मोसमात आठ वेळा शिकागो. वर्षानुवर्षं जे मागत होतो ते मिळालं, आणि बघायला रिंकवर जवळपास माणूस नाही, संघ तळाच्या आसपास. पुढच्या वर्षी पुन्हा अटलांटिक.

पुण्यात, पहाटे

२०१४च्या अखेरीस आम्ही पुण्याला परतलो. इथे हिवाळ्यात डेट्रॉईटची संध्याकाळची सातची मॅच पहाटे साडेपाचला लागते. पहिला पिरियड संपतो तेव्हा दूधवाला येतो, दुसऱ्यात चहा, तिसरा संपवून चाकणची बस. पॅसिफिकच्या मॅचेस मात्र सकाळी साडेआठ-नऊला, म्हणजे बसमध्ये, फोनवर, भोसरीला रेंज जाईपर्यंत. बदलीचा फायदा नोव्हायला झाला तसा मला इथेही झाला, हे कबूल केलं पाहिजे.

१७ एप्रिल २०२४, रामनवमी, सुट्टी. डेट्रॉईटमध्ये अजून १६ तारखेची रात्र. मोसमातली शेवटची मॅच मॉन्ट्रियलला, आणि आत जायचं तर आम्ही जिंकून भागणार नव्हतं, वॉशिंग्टननं फिलाडेल्फियाशी हरायला हवं होतं. एका कानात मॉन्ट्रियल, दुसऱ्या फोनवर फिलाडेल्फियाचा स्कोअर. फिलाडेल्फियाला ठरलेल्या साठ मिनिटांतच जिंकणं भाग, म्हणून १-१ असताना त्यांनी गोलरक्षक काढून जास्तीचा खेळाडू उतरवला, आणि वॉशिंग्टनच्या ओशीनं पक उघड्या जाळ्यात सरकवला. इकडे आम्ही शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी केली, शूटआउटमध्ये ५-४ जिंकलोही. दोघांचे ९१-९१ गुण. साठ मिनिटांत जिंकलेल्या मॅचेस वॉशिंग्टनच्या जास्त, म्हणून ते आत.

खाली सोसायटीच्या मंदिरात पाळण्याची तयारी चालली होती, कोणीतरी माइक तपासत होतं. नोव्हायहून टूलिंगवाल्याचा मेसेज आला. शिव्या असतील म्हणून उघडला, तर लिहिलं होतं: "वॉशिंग्टनवर चिडायचं कसं, तेच सुचत नाहीये." खरंच होतं. त्यांच्याशी आमचं शेवटचं मोठं देणंघेणं १९९८च्या अंतिम फेरीतलं, आणि ती आम्ही ४-० जिंकलो होतो. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, आणि पुढच्या मोसमाचं वेळापत्रक कधी येणार ते शोधू लागलो. शिकागो दोनदाच असणार, ते ठाऊक असूनही आधी तेच बघणार होतो.